निसर्गसौंदर्य, द्वारा कार्यकारी अभियंता

शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाड्यांतली कोणतीही काच खाली करायला लावून आतल्या मंडळींना विचारा, कुठे निघालात? उत्तर ठरलेलं असतं : जरा निसर्गाच्या सान्निध्यात. मग ही मंडळी दोन दिवस मनसोक्त वावरतात ती जलसंपदा खात्याच्या, नाहीतर रेल्वेच्या, नाहीतर एखाद्या वीज कंपनीच्या हद्दीत. डोंगर आणि तळं असं जे जोडचित्र आपण डोळ्यांत साठवून आणतो, त्यातलं तळं सह्याद्रीत जवळजवळ नेहमीच टेंडर काढून आणलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की आपली ही सहल मुळात स्थापत्य अभियांत्रिकीची आहे. आठवडाभर ज्या खात्याच्या नावानं आपण बोटं मोडतो, त्याच्याच कर्तबगारीपुढे शनिवार-रविवारी कणीस हातात धरून आपण नतमस्तक होत असतो.

यात निसर्गाचा दोष नाही. काश्मीर-लडाखपासून स्वित्झर्लंडपर्यंतच्या कित्येक तळ्यांमागे हिमनद्यांची करणी आहे. त्यांनी डोंगर कोरले, खळगे पाडले, गाळाचे बांध घातले. सह्याद्रीच्या वाट्याला हिमनदी आली नाही. आला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. हे पाणी पश्चिमेला उतरलं की पाहता पाहता समुद्र गाठतं आणि पूर्वेला वळलं की कृष्णा-गोदावरीचं बोट धरून बंगालच्या उपसागराकडे निघतं. कुठे थांबायचं म्हणून थांबत नाही. त्याला थांबवायचं तर आडवी भिंत हवी, आणि भिंत म्हटली की अंदाजपत्रक आलं, कंत्राटदार आला, उद्घाटनाची पाटी आली.

लोणावळ्याचं भुशी धरण घ्या. जीआयपी रेल्वेनं ते बांधलं वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला. इंजिनं गेली, पायऱ्यांवरून वाहणारं पाणी राहिलं, आणि त्या पायऱ्यांवर आता अख्खी कुटुंबं ओळीनं बसलेली दिसतात. पाठीवर धबधबा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, एका हातात लिंबू-तिखट चोळलेलं कणीस आणि दुसऱ्या हातात कांदाभज्यांची कागदी प्लेट. तिच्यात भजी कमी आणि रेल्वेचं पाणी जास्त. महाबळेश्वरचा वेण्णा तलावही असाच. 1842 साली साताऱ्याच्या छत्रपतींनी तो गावाच्या पाण्यासाठी बांधून घेतला. म्हणजे नवपरिणीत जोडपी ज्यात वल्ही मारतात, ती तेव्हाची पाणीपुरवठा योजना. आणि तापोळ्याला ज्याला कौतुकानं मिनी काश्मीर म्हणतात, तो कोयना जलविद्युत प्रकल्पाचा शिवसागर.

सगळ्यात मौज मुंबईकराची आहे. लोणावळा, वळवण, शिरवता ही टाटांची तळी. त्यातलं पाणी स्वभावानं पूर्वेला जाणारं. त्याला अडवून, उलटं फिरवून, नळांतून घाटाखाली सोडलं आणि 1915 साली खोपोलीला त्यावर वीज तयार झाली, मुंबईच्या गिरण्यांसाठी. तेव्हापासून हे पाणी मुंबईच्या सेवेसाठी घाट उतरतं आहे आणि मुंबईकर त्या पाण्याच्या दर्शनासाठी घाट चढतो आहे. खोपोलीच्या आसपास दोघं एकमेकांना ओलांडून जातात. पाणी वेळेवर पोहोचतं, मुंबईकर घाटात अडकलेला असतो. मुळशीचं तळं त्याच मालिकेतलं, पण तिथे थट्टा जरा आवरती घ्यावी लागते. त्या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं गेली, आणि ती जाऊ नयेत म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. काठावरच्या रिसॉर्टमध्ये खोलीतून तळं दिसण्याचे जादा पैसे घेतात. ज्यांचं शिवार बुडालं, त्यांना हे दृश्य फुकट मिळालं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : तळी बांधलेली असतील, धबधबे तर खरे ना? काही खरे आहेत, यात वाद नाही. पण भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल, ज्याच्यासमोर लोक छायाचित्रासाठी रांग लावतात, तो विल्सन धरणाच्या विमोचकातून पडतो. वॉल्व्ह उघडला की निसर्ग सुरू, बंद केला की निसर्ग बंद. हे धरण 1926 साली पुरं झालं ते प्रवरेच्या कालव्यांसाठी. त्या कालव्यांवर ऊस आला, उसापाठोपाठ साखर कारखाने आले. तेव्हा धरणाकाठच्या टपरीवर चहात जी साखर पडते, तिचंही या जलाशयाशी लांबचं नातं असायचा संभव आहे. कोलाडला कुंडलिकेत जे थरारक राफ्टिंग चालतं, त्याचा थरार भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर असतो. खवळलेली नदी, पण वेळापत्रकाप्रमाणे.

दुसरा आक्षेप डोंगरांचा. डोंगर अस्सल आहेत, हे मला एकदम मान्य. मात्र ते आपल्याला दिसतात कुठून? 1830 साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863 साली रेल्वे चढली आणि 2002 पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला, म्हणून अमृतांजन पुलाच्या जागेपाशी मान वर करून आपण 'वा!' म्हणू शकतो. रस्ता नसलेला सह्याद्रीचा कडा बघायला शनिवार-रविवार पुरत नाही, आणि गुडघेही पुरत नाहीत.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. कुणी का बांधलं असेना, डोळ्यांना गार वाटतं ना? मग चौकशा कशाला? रोहित पक्षी काय उजनीच्या पाण्यात उतरण्याआधी प्रशासकीय मान्यता तपासतात? बरोबर आहे, पण रोहित पक्षी 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहून फोटो टाकत नाहीत. आपण टाकतो, आणि तो काढताना धरणाची भिंत, विजेचा मनोरा आणि 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई' ही पाटी एवढ्या तीन गोष्टी चौकटीबाहेर जातील असं बेतानं उभं राहतो. ही धडपडच सांगते की आतून आपल्यालाही ठाऊक आहे. शिवाय अस्सल नैसर्गिक सरोवर हवंच असेल, तर महाराष्ट्रात लोणार आहे. उल्का आदळून झालेलं, जगात नाव असलेलं. तिथे कुणीही कंत्राट घेतलं नव्हतं. पण ते पडलं बुलढाणा जिल्ह्यात, पाणी खारट, बोटिंग नाही. त्यामुळे निसर्गाच्या ओढीनं तळमळणारी आपली मंडळी तिकडे न वळता पुन्हा पवनेच्या काठी तंबू ठोकतात. निवड सरळ आहे : आपल्याला निसर्ग हवा असतो तो पार्किंगसह, आणि तसा निसर्ग फक्त सरकारी खातं पुरवू शकतं.

तेव्हा भिंत फोटोत येऊ द्या. ती चौकटीबाहेर ठेवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात भजी गार होतात. आणि पुढच्या खेपेला भंडारदऱ्याला निघण्याआधी धबधबा चालू आहे की नाही, हे हवामान खात्याला विचारू नका. धरणाच्या शाखा अभियंत्याला विचारा. फोन मात्र शुक्रवारीच करा. 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि शनिवारी साहेबही सहकुटुंब कुठल्या तरी धरणावर गेलेले असतात.