वॉरंटीतलं पिस्तूल: खारदांड्यातल्या नवशिक्यांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक घेतलं, मनू भाकरनं दोन घेतली, आणि तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच आईबापांना आपल्या पोराचा हात स्थिर असल्याचा शोध लागला. तुम्ही त्यांतलेच असाल, पोराला लाखाच्या वरचं परदेशी एअर पिस्तूल घेऊन दिलं असेल आणि ते बंद पडलं असेल, तर पुढचं वाचा.

आधी एक खुलासा. इथं विषय आहे तो १० मीटरवरून मारायच्या ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपर्यंतच्या अशा हत्याराला परवाना लागत नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते .२२ च्या पिस्तुलानं. त्याला परवाना लागतो, आणि तसलं पिस्तूल बिघडलं तर आधी पोलिसांची कागदपत्रं बघावी लागतात. त्या वाटेला आपण जात नाही.

पायरी पहिली: कोणाला सांगू नका. ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि निम्मे लोक इथंच गळतात. वॉरंटी म्हणजे काय, तर कारखान्याच्या माणसाखेरीज कोणी स्क्रूला हात लावणार नाही अशी तुम्ही दिलेली हमी. आणि तुम्ही राहता कुठं, तर मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात. भर समुद्रात बंद पडलेलं होडीचं इंजिन तार, रबर आणि शिव्या एवढ्या भांडवलावर सुरू करून किनाऱ्याला आणणारी माणसं तुमच्या शेजारी राहतात. त्यांना जगात न उघडणारी वस्तू माहीतच नाही. ‘पिस्तूल अडकतंय’ एवढं जिन्यात बोललात की संध्याकाळी दारात काका उभे. एका हातात पाना-पक्कड, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा. ‘कंपनीला कशाला पाठवतोस? आण इकडे, दोन मिनिटांचं काम.’

काकांचं काम खरंच दोन मिनिटांचं असतं, पंचाईत तीच आहे. काही पिस्तुलांत समायोजनाच्या स्क्रूंवर कारखान्यानं रंगाचा बारीक थेंब टाकलेला असतो, तिळाएवढा. स्क्रू फिरला की थेंबाला तडा जातो. तो तडा तुम्हाला दिसत नाही, काकांना दिसला तरी ते ओलं बोट फिरवून पुसून टाकतात, पण युरोपात भिंग लावून बसलेल्या माणसाला तो पहिल्या मिनिटाला दिसतो. मग तुम्हाला अत्यंत सभ्य इंग्रजीत एक पत्र येतं. त्यात ‘खेद’ हा शब्द दोनदा असतो आणि शेवटी खर्चाचा आकडा असतो.

हवा गळते असं सांगितलंत तर काकांचे धाकटे भाऊ पाण्याची बादली घेऊन येतील, पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसं बुडवून बघू म्हणतील. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल असेल तर बादलीला दार उघडू नका. बोंबील आणलेत का, असं विचारून विषय बदला.

आता बिघाड खरा आहे का ते पाहा. तोंड सुरक्षित दिशेला, आत छर्रा नाही याची खात्री, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग सिलिंडरचा काटा बघा. भरलेला असेल तर तो २०० बारच्या आसपास असतो. ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी बदलून बघा. कारखान्याच्या पहिल्या पत्रात ‘बॅटरी तपासली का’ असं विचारलेलं असतंच, तेव्हा तो अपमान आधीच उरकून घ्या. सील, ओ-रिंग असले झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतात. गंज तर नसतोच, आणि आपल्याकडे वारा खारा. पिस्तूल बंद पेटीत ठेवा, घाम पुसा, सिलिका जेलची पुडी टाका. सुकट वाळते त्या गच्चीवर सराव नको.

दुरुस्तीची घाई कशाची, असं घरचे विचारतील. त्यांना टोकियो ऑलिंपिक सांगा. २५ जुलै २०२१, महिलांची १० मीटर पिस्तूल पात्रता फेरी. मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन फेरीत तुटला. दुरुस्तीत वीसेक मिनिटं गेली आणि घड्याळ काही तिच्यासाठी थांबलं नाही. ६० गोळ्यांना सव्वा तास मिळतो, त्यातली ही मिनिटं. तरी तिनं ५७५ गुण केले, बारावी आली, आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सरावात बिघडलेलं पिस्तूल म्हणजे त्या मानानं नशीबच. पण ते दुरुस्त होऊन येईपर्यंत सराव थांबवता येत नाही, म्हणून व्यावहारिक अर्थ असा की वॉरंटीतली फुकट दुरुस्ती परवडायला आधी दुसरं पिस्तूल हाताशी लागतं. हे वाक्य घरच्यांना एका दमात वाचून दाखवू नका.

पुढची पायरी पत्रव्यवहार. ज्याच्याकडून घेतलंत त्या विक्रेत्यामार्फत जा. पक्कं बिल आणि सिरियल नंबर हवा. बिघाडाचा व्हिडिओ मागतात. कॅमेरा सुरू केला की पिस्तूल अगदी शहाण्यासारखं वागतं, त्यामुळे फोन कोणाच्या तरी हातात देऊन सरावाच्या नावाखाली बेसावध गाठा.

वेळ मात्र साधा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, म्हणजे पाने-पक्कडवाले समस्त काका रिकामे. या दोन महिन्यांत पिस्तूल कपाटाबाहेर काढणं धोक्याचं. ऑगस्टात काका समुद्रावर जातात, तुम्ही निर्धास्त होऊन पत्र पाठवता, आणि उत्तर येतं की युरोपातला कारखाना उन्हाळी सुट्टीसाठी बंद आहे. सप्टेंबरात बिघडणारं पिस्तूल मिळालं तर जपून ठेवा.

पाठवताना सिलिंडर काढून घरी ठेवा. दाबाखालचा सिलिंडर सहसा विमानानं जात नाही. कुरिअरच्या खिडकीवर वस्तूचं नाव खरं लिहा आणि मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगा. कस्टमच्या कागदावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असा उल्लेख सिरियल नंबरासकट करून घ्या, नाहीतर परत येताना स्वतःच्याच पिस्तुलावर ड्यूटी भरायची पाळी येऊ शकते. त्याआधी वरळीच्या रेंजवर जाणकाराला दाखवायचं असेल तर सी-लिंकनं वरळी जवळ पडते म्हणून फसू नका. सी-लिंकवर रिक्षाही चालत नाही आणि स्कूटरही. पेटी मांडीवर घेऊन बसने जा, आणि शेजारच्यानं विचारलं तर व्हायोलिन म्हणू नका. तो वाजवून दाखवायला सांगतो.

विक्रेता महिनोन्‌महिने ‘पार्ट येतोय’ म्हणत राहिला तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंही भागलं नाही तर २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला, म्हणजे खारवाल्यांना अगदी शेजारीच. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत लोकांना हेच सांगत आली आहे. वस्तूचा तपशील वाचून कारकून मान वर करील. तेव्हा पिस्तूल सोबत आणलेलं नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा.

पिस्तूल परत आलं की आनंदानं पेटी फाडू नका. सिरियल नंबर ताडून बघा, मग ट्रिगरचं वजन. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम ओढ घेऊन सुटला पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत बाद. तपासायला ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन लटकवतात, आणि ते दांड्याच्या मासळी बाजारात दर चार पावलांवर मिळेल. ते बरोब्बर ५०० ग्रॅम भरतं का, असं मासेवालीला विचारायची इच्छा झालीच, तर पिस्तूल आधी घरी ठेवून या आणि हेल्मेट घालून विचारा.