लाकडी योक सुधारा : सेकंड शिफ्टवाल्यांसाठी

हे मार्गदर्शन सांगवीतल्या त्या गृहस्थांसाठी आहे, जे भोसरीला किंवा चाकणला पन्नास मायक्रॉनसाठी जॉब रिजेक्ट करतात आणि घरी येऊन प्लायवूडला नजरेच्या अंदाजाने भोक पाडतात. कॉम्प्युटरवर विमान उडवायला त्यांनी लाकडी योक, म्हणजे वरचा भाग नसलेलं स्टिअरिंग, केलेलंच आहे. हँडलचं पॉलिश झकास. विमान मात्र लोहगावला उतरताना धावपट्टी सोडून बाकी सगळीकडे जातं.

पहिली पायरी : पॉलिश थांबवा.

दुसरी पायरी : हँडल धरून हलवा. ‘टक’ झालं? तो प्ले, म्हणजे ढिलाई. कंपनीत हाच आवाज आला असता तर तुम्ही मशीन बंद करून तीन जणांना बोलावलं असतं. दोष बहुधा दांड्याच्या आधारात असतो. लाकडातल्या भोकात सरळ सारलेला दांडा उन्हाळ्यात खडखडतो, पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकतो. मधल्या आठवड्यात तो उत्तम चालतो, तेव्हाच पाहुण्यांना दाखवावा. एरवीसाठी ६०८ नंबरची बेअरिंग घ्या. स्केटच्या चाकात असतात तीच : भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. दोन लावा आणि लांब लांब लावा. दोघांत ५ सेंटिमीटर अंतर आणि हँडल पुढे १५ सेंटिमीटरवर असेल, तर बेअरिंगपाशी असलेली ढिलाई हातात कित्येक पटींनी जाणवते. पेटी लांबवायला जागा नाही म्हणता? मग हँडल जवळ आणा. गुडघे तुमचे तुम्ही सांभाळा.

फिरवणं आणि पुढे-मागे ढकलणं ही दोन कामं एकाच भोकाकडून करून घेऊ नका. बेअरिंगसकट दांडा एका फळीवर बसवा आणि ती फळी ड्रॉवरच्या दोन चॅनलवर सरकवा. चॅनल समांतर हवेत, नाहीतर फळी मध्येच रुसते. सुताराला विचारलंत तर तो ‘किचन ट्रॉली का?’ म्हणेल. हो म्हणा.

आता स्प्रिंग. एकच स्प्रिंग मध्याजवळ इतकी मऊ पडते की घर्षण जिंकतं आणि हँडल थोडं वाकडंच थांबतं. कातरीसारखे दोन हात करा, त्यांना आधीपासून ताणलेल्या स्प्रिंगने एका पक्क्या खिळ्यावर आवळा. हँडल वळलं की एकच हात उघडतो. सोडलं की खिळ्यावर येऊन टेकतो.

हँडल किती वळलं ते कॉम्प्युटरला कळवणारा पोटेन्शिओमीटर साधारण ३०० अंश फिरतो, तुमचं हँडल १८०. सगळे अंश वापरायच्या हव्यासाने गिअर लावाल तर घालवलेला प्ले दारातून परत येईल. १० बिटांच्या १,०२४ पायऱ्यांपैकी सहाशे मिळतात, तेवढ्यावर भागवा. पुढे जमलं तर त्याच्या जागी चुंबक आणि हॉल सेन्सर लावा. घासायला काही उरत नाही.

कुणी हसलं तर सांगा, कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ते मेक इन इंडिया सप्ताहात मांडलं. हे वाक्य सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर मात्र म्हणू नका.

शेवटी पेटी टेबलाला सी-क्लॅम्पने आवळा आणि योक शेजारच्या पोराच्या हाती द्या. पाच मिनिटांत जे निखळेल, ते येत्या सुट्टीचं काम.