फोकसभाऊ

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या टापूतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, फोकसभाऊ तुम्हाला भेटणारच. त्याचं टेबल लांबूनही ओळखू येतं. पार्टिशनवर वेळापत्रक, त्याशेजारी त्याच वेळापत्रकाची सुधारित आवृत्ती, महाराष्ट्राचा नकाशा, स्वतःच्या नावाखाली ‘उपजिल्हाधिकारी’ लिहिलेली चिठ्ठी आणि या सगळ्यांच्या वर लाल शाईत ‘फोकस’. टेबल जागेवर असतं. भाऊ खाली चहाच्या गाडीवर असतो आणि फोकस या विषयावर बोलत असतो.

“भावा, आपल्या पोरांत हुशारी कमी नाही. प्रायॉरिटी क्लिअर नाहीत.” समोरचा नवखा पोरगा मान हलवतो. तो कालच उदगीरहून किंवा सांगोल्याहून आलेला असतो आणि त्याच्या चहाचे पैसे भाऊच देतो. भाऊ मनाने दिलदार आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याच्या खोलीच्या भिंतीवर चार चौकोन आखलेले आहेत. महत्त्वाचं आणि तातडीचं. महत्त्वाचं पण तातडीचं नाही. तातडीचं पण महत्त्वाचं नाही. आणि धड काहीच नाही. ही पद्धत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते आणि स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली, हे भाऊ न विचारता सांगतो. आयझेनहॉवरसाहेबांपुढे दुसरं महायुद्ध होतं, भाऊपुढे मेसचा डबा आहे. डबा धुऊन दिला नाही तर मावशी दुपारी भाजी कशात घालणार? म्हणजे डबा तातडीचा. नळाला पाणी सातपर्यंतच, म्हणून कपडे तातडीचे. रूम पार्टनरचा चार्जर परत करायचाय, तो तर रात्रीपासून शिव्या घालतोय. अभ्यास महत्त्वाचा, त्यात वादच नाही. पण परीक्षेला अजून पाच महिने आहेत आणि ती पुढे जाणार असं टेलिग्रामवर कुणीतरी कालच टाकलंय. तेव्हा अभ्यास दुसऱ्या चौकोनात. तो चौकोन भाऊने हिरवा रंगवलाय, चारही चौकोनांत तोच सगळ्यात सुबक झाला आहे.

मग पोमोडोरो आलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा एक इटालियन विद्यार्थी, १९८०च्या दशकाची अखेर, अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ उचललं आणि ठरावीक वेळ लावून बसला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. ही माहिती गोळा करण्यात भाऊची एक अख्खी दुपार गेली, पण माहिती पक्की आहे. घड्याळासाठी तो तुळशीबाग पालथी घालून आला. टोमॅटो मिळाला नाही, कोंबडी मिळाली. कोंबडी पंचविसाव्या मिनिटाला अभ्यासिकेत जी खणखणली, तिने चाळीस पोरं उठून बसली. त्यातली निम्मी झोपलेली होती, हा तिचा खरा उपयोग. पण अभ्यासिकेच्या काकांनी कोंबडीला त्याच संध्याकाळी हद्दपार केलं. उपाय म्हणून मोबाइलवर टायमर आला, तोही आवाज बंद करून, नुसता थरथरणारा. म्हणजे मोबाइल टेबलावर आला. तो चौथ्याच मिनिटाला थरथरतो. टायमर नसतो तो, ‘चालू घडामोडी – अंतिम’ नावाच्या ग्रूपवर कुणीतरी आन्सर की टाकलेली असते. आन्सर की बघणं हा अभ्यासच.

या सगळ्यात अभ्यास होतो का? होतो तर! लक्ष्मीकांत यांचं राज्यघटनेवरचं पुस्तक या टापूत पोथीच्या जागी आहे. त्याचं पहिलं प्रकरण ऐतिहासिक पार्श्वभूमीचं, त्याची सुरुवात १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने. भाऊ नवं वेळापत्रक केलं की नव्या उमेदीने पहिल्या पानापासून बसतो. त्यामुळे १७७३ त्याचं तोंडपाठ आहे. वॉरन हेस्टिंग्जबद्दल तो चुलतमामाबद्दल बोलावं तसं बोलतो. कलकत्त्याचं सर्वोच्च न्यायालय १७७४मध्ये कसं स्थापन झालं, ते विचारा. १७८४च्या पिट्स इंडिया ॲक्टपर्यंत गाडी सुसाट जाते आणि तिथे कधी कुणाच्या बहिणीचं लग्न निघतं, कधी मेस बदलावी लागते. आठवडा जातो, वेळापत्रक बिघडतं. बिघडलेल्या वेळापत्रकावर अभ्यास करणं भाऊच्या तत्त्वात बसत नाही. रविवारची फिस्ट झाली की नवं वेळापत्रक, नवा हायलायटर, पुन्हा १७७३. त्याच्या अभ्यासात भारत अजून स्वतंत्र झालेला नाही.

मोबाइलचा बंदोबस्तही त्याने केला, नाही असं नाही. स्मार्टफोन मित्राच्या लॉकरमध्ये ठेवला आणि बटणांचा फोन घेतला. तो कुठला घ्यावा यावर स्मार्टफोनवर चार दिवस व्हिडिओ पाहिले. दुसऱ्या दिवशी लोकराज्यची पीडीएफ हवी म्हणून मित्राला शोधायला निघाला. मित्र चहावर, किल्ली मित्राच्या रूम पार्टनरकडे, तो झेरॉक्सच्या रांगेत. भाऊचा फोकस टिकवण्यासाठी तिघांचा दिवस मोडला. बाकीच्या दोघांनी तक्रार केली नाही. त्यांचीही कुंडली फारशी वेगळी नव्हती.

रात्री आईचा फोन येतो. “जेवलास का रे?” 

“आई, मी फोकसमध्ये आहे. नंतर बोलतो.” 

एवढ्यावर फोन बंद व्हावा. पण फोकस म्हणजे काय, हे आईला समजलं पाहिजे, नाहीतर ती उद्या परत याच वेळेला फोन करणार. म्हणून भाऊ जिन्यात उभा राहून तिला चार चौकोन समजावतो. आई सगळं शांतपणे ऐकून घेते. “बरं. पण जेवलास का?”

भाऊला हसणं सोपं आहे, मीही तेच करतोय. पण त्याच्या विचलित होण्यात लोकसेवा आयोगाचाही वाटा आहे, तो नाकारता येत नाही. २०२२मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, मुलं रस्त्यावर उतरली, आणि २०२३मध्ये अंमलबजावणी २०२५वर गेली. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा आंदोलन, पुन्हा तारीख पुढे. मागण्या खऱ्या होत्या. लाखांनी अर्ज, शेकड्यांनी जागा आणि वाऱ्यावर हलणारी तारीख. अशात कुणाचं चित्त थाऱ्यावर राहील? भाऊ दोन्ही वेळा पहिल्या रांगेत होता. घोषणा त्याच्याच, अक्षरही त्याचंच, दोन रात्री जागून फलक रंगवले. तेवढा वेळ सलग एका जागी बसलेलं त्याला आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. तारीख पुढे गेल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच म्हणाला, “चला, आता निवांत प्लॅनिंग करता येईल.”

आणि गंमत अशी की त्याचं प्लॅनिंग उत्तम असतं. सांगोल्याच्या त्या पोराने भाऊने टाकून दिलेलं एक जुनं वेळापत्रक मागून घेतलं. त्याला सुधारित आवृत्ती निघाल्याचं कुणी कळवलंच नाही, त्यामुळे तो तेच पाळत बसला. मेसचा डबा पाळी लावून दुसऱ्याकडून आणवला. १७८४ मागे टाकलं, १८५८ ओलांडलं, १९४७ला पोचला आणि पुढे घटनादुरुस्त्याही उरकल्या. पोराची राज्य कर निरीक्षकाची पोस्ट निघाली. सत्कारात त्याने माइकवर सांगितलं, “माझ्या यशाचं श्रेय दादांच्या मार्गदर्शनाला.” भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं, ते अगदी खरं होतं. मग आयोजकांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. विषय सांगायला नको. पुढच्या वक्त्यांना वेळच उरला नाही.

तेव्हापासून भाऊकडे मार्गदर्शनाला रीघ लागली आहे. सकाळी दोघं, संध्याकाळी चौघं. तो कुणाला परत पाठवत नाही, पैसे घेत नाही, उलट चहा पाजतो. त्याच्या हातून आणखी दोघा-तिघांच्या पोस्ट निघतील, याबद्दल मला शंका नाही. त्याची स्वतःची पोस्ट मात्र चारपैकी कुठल्या चौकोनात बसवायची, ते अजून ठरायचंय.

तुमच्या घरातलं कुणी पुण्यात तयारी करत असेल तर एवढंच करा. महिन्याचे पैसे वेळेवर पाठवा, जेवलास का विचारा. पण ‘मन लावून अभ्यास कर’ असं चुकूनही म्हणू नका. तो लगेच मन लावण्याची तयारी सुरू करेल.