दिग्दर्शकाचा कट आणि आमचा कटपीस

दिग्दर्शक महोदय
(शिवकालावर भव्यपट काढणारे जे कोणी असाल ते),



मी सुरतेला रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात गिऱ्हाइकांना माल दाखवायचं काम करतो. मूळचा धरणगावकडचा, राहायला लिंबायतला. घरात अहिराणी, दुकानात गुजराती आणि शिवजयंतीच्या मंडपात माईक हातात आला की एकदम पुणेरी मराठी, अशी आमची भाषेची व्यवस्था आहे. रितेश देशमुखांच्या ‘राजा शिवाजी’साठी १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली, तेव्हापासून गल्लीत एकच चर्चा : पिक्चरमध्ये आपली सुरत आहे का? हे पत्र त्या एका चित्रपटाला उद्देशून नाही. पुढे जो कोणी घोडे भाड्याने घेईल, त्या प्रत्येकाने ते आपल्याच नावाचं समजावं.

आमची भीती साधी आहे. सुरत तुम्ही शूट कराल, दणक्यात कराल, आणि मग थेटराच्या खेळांचं गणित जमेना म्हणून ती कापून ‘डायरेक्टर्स कट’साठी ठेवाल. या शब्दाचं आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी ‘दिग्दर्शकाचा कट’ असं भाषांतर केलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी घाबरून विचारलं, “कोणाविरुद्ध?” माझ्या मते त्यांचं काही चुकलं नाही. प्रेक्षकाविरुद्धच.

आमच्या धंद्यातही ही रीत आहे. परवा ओळखीच्या एका बाईंना साडेचार मीटर कापड हवं होतं. तागा गादीवर फेकला, लोखंडी पट्टीने मोजला, कात्रीचं टोक लावलं आणि टर्रकन फाडला. उरला पावणेदोन मीटर. रंग तोच, पोत तोच, पण आता तो कटपीस झाला. घडी करून मागच्या पोत्यात गेला, शनिवारी किलोच्या भावाने विकला जाईल. तुमचं कौतुक एवढ्याचसाठी वाटतं की उरलेला तुकडा तुम्ही ताग्यापेक्षा चढ्या भावाने खपवता, वर गिऱ्हाईक दोन वर्षं वाट बघत बसतं. ही विद्या आमच्या शेठपर्यंत पोचू देऊ नका.

यातले महागुरू रिडली स्कॉट. त्यांचा ‘किंगडम ऑफ हेवन’ २००५ साली थेटरात आला तो १४४ मिनिटांचा, आणि मागाहून दिग्दर्शकाचा म्हणून आला तो १९४ मिनिटांचा. ‘नेपोलियन’ १५८ मिनिटांचा होता, वर्षाच्या आत घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी २०५ मिनिटांचा झाला. माझा भाचा असल्या गोष्टींचा पक्का हिशेब ठेवतो. त्याने मला ‘किंगडम’चे दोन्ही अवतार दाखवले. थेटरवाल्यात तटबंदी होती, घोडे होते, आगीचे गोळे होते. कापलं होतं ते राणीचं लहान पोर. ते गादीवर बसतं, त्याला महारोग असल्याचं कळतं आणि त्या आईचं पुढे जे होतं, ते सगळं गायब. लढाई ताग्यात, आई कटपिसात.

म्हणून धास्ती. तुमच्या सुरतेत काय राहील ते मला आत्ताच दिसतं आहे. हजारो घोडे, मशाली, मोहरांचा धबधबा, एक गाणं, आणि सहा फुटी नायक कॅमेऱ्याकडे हळूहळू वळतोय. शिवाजी महाराज सुरत लुटायला आले असताना अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज त्यांच्या छावणीत कैदेत होता. त्याने सांगितलेलं ऐकून इंग्रज वखारीतल्या पाद्र्याने त्याच महिन्यात पत्र लिहिलं. त्यात महाराज मध्यम उंचीचे, बांधेसूद, बोलताना हसल्यासारखे दिसणारे आणि तीक्ष्ण नजरेचे आहेत. दंडाच्या घेराचा उल्लेख नाही. तुमच्या नायकाच्या व्यायामशिक्षकाला हे पत्र दाखवू नये, मनाला लावून घेईल.

आता कटपिसात काय जाईल तेही सांगतो. १६६४ चा जानेवारी. महाराज बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत उतरले. हाच रस्ता तापीच्या काठाकाठाने आमच्या खानदेशाकडे जातो, म्हणून त्या बागेवर आम्ही थोडा हक्क सांगतो. आदल्या रात्री त्यांनी सुभेदार इनायतखानाला आणि वीरजी व्होरा, हाजी सय्यद बेग, हाजी कासीम या बड्या व्यापाऱ्यांना निरोप पाठवला : सकाळी येऊन खंडणी ठरवा. कोणी आलं नाही. खान किल्ल्यात जाऊन बसला. शहराच्या रक्षणासाठी ज्या फौजेचा खर्च तो सरकारातून उचलत होता, ती कागदावरच होती. आमच्या शेठला हा भाग फार आवडेल, कारण दरवाज्यावरच्या वॉचमनचा पगार त्यालाही असाच जड जातो. रात्रभर उत्तराची वाट पाहणारा राजा मला पडद्यावर बघायचा आहे. दोन मिनिटं, नुसता शांत. तुम्ही नेमकी तीच कापाल.

बुधवारी, ६ तारखेला लूट सुरू झाली. गुरुवारी किल्ल्यातून तहाची बोलणी करायला म्हणून एक तरुण आला आणि बोलता बोलता कट्यार घेऊन महाराजांवर धावला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, पण धावण्याच्या जोरात तो तसाच महाराजांवर आदळला, दोघेही जमिनीवर. महाराजांच्या अंगावर रक्त पाहून ते गेलेच अशी हाकाटी झाली, कैद्यांना कापा असा ओरडा सुरू झाला. रक्ताने माखलेले महाराज उठले आणि त्यांनी कत्तल थांबवली. काही कैद्यांना शिक्षा झाल्या, काहींचे हातही तुटले. तेही त्याच इंग्रजी कागदांत आहे, आणि तेही दाखवायचं धाडस तुमच्यात असलं तर मी दोन तिकिटं काढीन.

डच वखारीच्या मेलेल्या दलालाचं घर त्यांनी सोडलं, कारण तो दानशूर होता असं कळलं. कॅप्युचिन पाद्री फादर अँब्रोज यांनाही हात लावला नाही. दोन्ही गोष्टी बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहिल्या आहेत. मुघल फौज येते आहे असं कळल्यावर रविवारी, १० तारखेला महाराज निघाले. मागे शहर बरंच जळालेलं होतं. मी याच शहरात राहतो, शेजारी मला चंदी पडव्याला घारी पाठवतात. तेव्हा जळणारी घरं नुसती नारिंगी रंगाची शोभा म्हणून वापरू नका, एवढं माझ्या शेजाऱ्यांच्या वतीने.

तुमच्याही अडचणी कळतात. तिकडे हॉलिवूडमध्ये दिग्दर्शकाचा कट लांब असतो. आपल्याकडे दिग्दर्शक सोडून बाकी सगळ्यांचा कट असतो. ‘छावा’च्या ट्रेलरमधल्या लेझीमवरून गदारोळ झाला आणि तो प्रसंग पडद्यावर येण्याआधीच गेला. सुरत तर त्याहून नाजूक. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे बंडखोर आमदार इथल्या हॉटेलात उतरले, तेव्हापासून तिकडे ‘सुरत’ म्हटलं की लोक भलतंच हसतात. २०२४ मध्ये तर ‘लूट’ म्हणायचं की नाही यावरच राजकारण पेटलं. तुम्ही बहुधा ‘सुरत मोहीम’ म्हणाल, आणि मोहीम कशासाठी होती हे डायरेक्टर्स कटमध्ये सांगाल. शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात बसून मुलूख ओरबाडत होता, खजिना रिकामा झाला होता, हे एका वाक्यात सांगता येतं. वाक्याला घोड्यापेक्षा भाडं कमी पडतं.

जाता जाता. कतारगामला इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे. शहराचा सुभेदार लपला असताना आपली वखार सांभाळणारा जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच आहे, भावाशेजारी, मोठ्या घुमटाखाली. त्या बचावाबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली. लोकेशन बघायला आलात तर रिक्षाने नेईन, भाडं तुमचं.

शेवटची विनंती व्यवहाराची. इथे मराठी पिक्चरला सकाळचा एकच खेळ मिळतो. आमच्या वस्तीतले निम्मे लोक लूमवर आहेत, पाळी सात ते सात. रात्रपाळीवरून आलेला माणूस चार तासांच्या पिक्चरला दुसऱ्या तासाला घोरतो. मार्केट रविवारी बंद असतं. लांबडा असो की आखूड, रविवारी दुपारचा खेळ द्या, उधन्याच्या बाजूला.

कळावे,
आपला,
लिंबायतचा एक प्रेक्षक