सावलीतला अंदाज

विदर्भाच्या मैदानी पट्ट्यात उन्हाळ्याचा हवामान अंदाज हे मार्चअखेरीस हाती येणारे हमखास पीक आहे. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि हरभऱ्याचा उतारा कितीही घटो, याचा घटत नाही. हवामान खाते, कृषी विद्यापीठ, पंचांग, मोबाइल आणि बसस्टँडवरचा पानठेला अशा पाच ठिकाणी ते एकाच वेळी निघते. भाव सगळीकडे सारखाच, म्हणजे फुकट.

अंदाजाचा मुख्य मजकूर अलीकडे फारसा बदलत नाही: कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता. कारणेही ठरलेली आहेत. समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो कोस दूर, आकाश निरभ्र, पऱ्हाटी उपटल्यावर उघडी पडलेली काळी जमीन, आणि राजस्थानकडून येणारा कोरडा वायव्य वारा. नागपूर 21 अक्षांशावर असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की गावात नवतपा सुरू होतो, तोही 25 मेच्या सुमारास. खगोलशास्त्र आणि आजी यांचे एवढ्या एका मुद्द्यावर एकमत आहे.

तापमान मोजण्याची रीत समजून घेतल्याशिवाय अंदाज समजत नाही. तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, चारी बाजूंना वारा खेळेल अशा तिरप्या फटींची, आणि तिचे दार उत्तरेला, म्हणजे उघडतानाही आत ऊन जाऊ नये. थोडक्यात, जाहीर होणारे 44 अंश हे सावलीतले असतात. तापमापकाला ऊन लागू नये याची तजवीज एकोणिसाव्या शतकातच झाली. वखरामागे चालणाऱ्या माणसाचा विषय विचाराधीन असावा.

एकदा मात्र आकड्याने मर्यादा सोडली. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. खात्याने तपासणी करून संवेदक बिघडल्याचे कळवले. पण तोवर तो आकडा गावोगावी पोचला होता, आणि उन्हात उभे राहिलेल्या कोणालाही त्यात खोटे असे काही आढळले नाही.

उष्णतेच्या लाटेची व्याख्या स्वतंत्र आहे. मैदानी भागात पारा किमान 40 अंशांवर पोचला पाहिजे आणि सरासरीहून निदान साडेचार अंश जास्त पाहिजे. किंवा मग सरळ 45 अंश गाठले पाहिजेत. चंद्रपुरात मेची सरासरीच 42-43 अंशांच्या आसपास. त्यामुळे तिथे 44.9 अंश असतील तर ती लाट नव्हे, नेहमीची दुपार. शिवाय हे निकष हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस पुरे व्हावे लागतात, आणि लाट जाहीर होते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ज्याला ऊन लागले, त्याला फक्त ऊन लागलेले असते.

लाटेबरोबर सल्लाही येतो. दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नये, भरपूर पाणी प्यावे, सैल, फिकट रंगाचे सुती कपडे वापरावेत. शेवटची सूचना कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांना दिली जाते हे विशेष. ती वाचणाऱ्याच्या अंगात बहुधा पॉलिस्टरचा सदरा असतो, कारण कापूस त्याने केव्हाच विकलेला असतो आणि कापड झाल्यावर तो त्याला परवडत नाही. पाण्याचा टँकर दुपारी दोनला येतो. अंदाजात टँकरची वेळ नसते.

एप्रिलच्या अंदाजात दुसरे प्रकरण अवकाळीचे. वायव्येची कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी ओलसर हवा विदर्भावर एकमेकींना भिडतात, तापलेली जमीन ढगांना वर ढकलते, आणि मग ‘तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस, गारपीट’ असा इशारा निघतो. तुरळक हा शब्द मोघम नाही. खात्याच्या परिभाषेत तो फार तर 25 टक्के केंद्रांना लागू पडतो. गावच्या परिभाषेत तुरळक ठिकाण म्हणजे आपले वावर. नकाशावर मात्र अख्खा जिल्हा एका रंगाचा असतो, पिवळा किंवा नारिंगी, आणि संत्र्याच्या बागेचा मालक त्या रंगाकडे बघत झाडाखालची सुपारीएवढी फळे वेचत असतो.

कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतो: कापणी झालेला माल सुरक्षित ठिकाणी हलवावा. सुरक्षित ठिकाण कोणते, याचा पत्ता सल्ल्यात नसतो. खळ्यावर तीन ढीग आणि ताडपत्री एक, तीही मधोमध विरलेली. तेव्हा गहू झाकायचा की हरभरा, हा निर्णय वारा सुटल्यानंतरच्या दहा मिनिटांत घ्यायचा असतो. बाजार समितीच्या शेडात जागा असते, पण तिथे व्यापाऱ्याच्या थप्प्या आधीपासून सुरक्षित असतात.

अक्षय्य तृतीयेला अंदाजाची तिसरी शाखा उघडते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी, पापड, भजी, वडा. विड्याचे पान म्हणजे राजाची गादी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा कुठे सरकला, ढेकूळ किती भिजले, यावरून पीक, पाऊस आणि सरकार या तिन्हींचे भाकीत होते. शास्त्राचा याला आधार नाही. तरी भाकीत ऐकायला वऱ्हाड-खानदेशातून माणसे जमतात. घट एका दमात महिन्यांचा हिशेब देतो; कुठेही टक्के नाहीत, आणि चुकला तर भजी उंदराने खाल्ली असे म्हणायची सोय आहे.

हवामान खात्याकडे उंदराच्या जागी टक्केवारी असते. भारतात मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज नियमितपणे 1886 पासून निघतो. सुरुवातीला तो हिमालयातल्या बर्फावर बेतलेला होता, आता महासागरांच्या तापमानावर आहे. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटिमीटर धरतात, आणि 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे सामान्य. एप्रिलच्या अंदाजातली संभाव्य चूक अधिक-उणे 5 टक्के असते, म्हणजे चुकीचा पल्ला सामान्य पावसाच्या पल्ल्याहून दोन टक्क्यांनी मोठा. शिवाय ही सरासरी चेरापुंजी आणि जैसलमेर मिळून काढलेली. जूनमध्ये तीन आठवडे उघडीप आणि जुलैत दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, एवढे झाले तरी अंदाज तंतोतंत खरा ठरतो. दुबार पेरणीचे बियाणे सरासरीत मोजत नाहीत.

मेअखेरीस सुधारित अंदाज येतो, त्यात चूक 4 टक्क्यांवर उतरते. त्याच सुमारास पंचांगवाले मृगाचे वाहन जाहीर करतात. बेडूक किंवा म्हैस निघाली तर पानठेल्यावर समाधान, गाढव निघाले तर राजकारणाचा विषय निघतो. कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पर्जन्यमापक महसूल मंडळात एखादाच, तोही बहुधा दुसऱ्या गावात. म्हणून पहिल्या सरीनंतर वावरात खुरप्याने वीतभर उकरून ओल पाहतात, मुठीत माती दाबून गोळा होतो का ते पाहतात, आणि मग धुऱ्यावर उभे राहून शेजाऱ्याने तिफण बाहेर काढली का, ते पाहतात.