चीनहून परतण्याच्या दिवशी चिंतन कसे करावे

कंपनीच्या खर्चाने चीनला गेलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी चिंतन केलेच पाहिजे. आधीचे दिवस साचे, सॅम्पल आणि रिजेक्शनच्या टक्केवारीत जातात. देशाविषयी मत बनवायला सवड नसते. आणि मताशिवाय पुण्याला परतलात तर सोमवारी कँटीनमध्ये तोंड दाखवायची सोय उरत नाही.

वेळ सकाळची निवडावी. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे शांघायमध्ये साडेअकरा वाजेपर्यंत साहेबांचा फोन यायचा नाही. साहित्य फारसे लागत नाही: हॉटेलची खोली, सप्लायरचा कारखाना आणि या दोहोंमधली मोटारीची खिडकी. एवढ्यावर एकशेचाळीस कोटी लोकांचा स्वभाव ठरवता येतो. प्रत्येक वाक्य ‘चिनी माणूस ना...’ असे सुरू करावे. मात्र क्यूआर कोडवर भाजीचे पैसे घेणाऱ्या आजीबाई पाहून थक्क होऊ नये. मंडईतही तेच चालते, ऐकणारे हसतील.

दुपारी निरोपाचे जेवण असते. यजमान दाराकडे तोंड करून बसतात, तुम्हाला त्यांच्या उजव्या हाताला बसवतात. पेला भिडवताना आपला पेला त्यांच्या पेल्यापेक्षा किंचित खाली धरावा. आत बायजिऊ ही चिनी दारू असेल आणि ती पन्नास टक्क्यांच्या पुढची असेल, तर चिंतन तिथेच आटोपते. शाकाहारी मंडळींनी मापो तोफूवर विश्वास टाकू नये. दिसायला पनीर असले तरी त्यात खिमा असतो.

याच जेवणात एखादे वयस्कर गृहस्थ ‘के दिहुआ’ म्हणून तुमच्याकडे कौतुकाने पाहतील. के दिहुआ म्हणजे सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केले आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. आपण मात्र शांतारामबापूंच्या सिनेमाचे नाव सांगून मोकळे होतो, आणि कोटणिसांनी तिथे चार वर्षे केले काय, असे कोणी विचारले की तोफूकडे वळतो. वारसा म्हणून त्यांचे नाव घ्यायला हरकत नाही. फक्त हेही ध्यानात असू द्यावे की शेवटच्या दिवशी मत बनवून घरी परतण्याची चैन त्यांच्या वाट्याला आली नाही.

संध्याकाळी लोंगयांग रोडहून मॅग्लेव्ह रेल्वे पकडावी. पुडोंग विमानतळापर्यंतचे तीस किलोमीटर ती आठेक मिनिटांत कापते. ‘आपल्याकडे हे का होत नाही?’ हे दौऱ्यातले मुख्य चिंतन इथेच करायचे असते, त्यामुळे गाडी सुटताच सुरुवात करावी. पूर्वी ती ताशी 431 किलोमीटरने धावायची, 2021 पासून तीनशेनेच धावते. शिवाय ती शहराच्या मध्यापर्यंत जातच नाही. बॅगा ओढत मेट्रो गाठावी लागते. हांगचौपर्यंत न्यायचा बेतही बारगळला. हा तपशील कँटीनमध्ये काढू नये, चिंतनाला बाधा येते.

(शांघायला विमानतळ दोन आहेत. तिकीट होंगचाओचे असेल तर मॅग्लेव्हमधले सगळे चिंतन वाया.)

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी आणि तिच्यावरचे आकडे पुसले गेले नाहीत ना, हे पाहावे. आकडे दिसत नसले तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात आणि तिथे कोणाचेही मत विचारात घेत नाहीत.

विमानात शेजारी यीवूच्या बाजारातून माल आणणारा जुना व्यापारी बसला, तर त्याला चीनविषयी काही विचारू नये. वर्षानुवर्षे ये-जा करूनही हे लोक ‘काही सांगता येत नाही बुवा’ म्हणतात. हवाई सुंदरीकडे जागा बदलून मागावी.