लाल दिव्याची गाडी

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तुमच्या-आमच्या गाडीतला मात्र शाबूत आहे. तो टपावर नसतो, डॅशबोर्डवर असतो. आणि तो लागला म्हणून कोणी रस्ता मोकळा करून देत नाही. फक्त गाडीतले सगळे एकदम बोलायला लागतात.

गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असं या ब्रेकच्या दिव्याचं रूप. मागच्या सीटवरचे काका लगेच निदान करतात, “सेन्सर गेला असेल!” काकांचं जावयाशी पटत नाही, त्यालाही बहुधा सेन्सरच कारण असावा. शेजारून बायको विचारते, “अहो, हँडब्रेक सोडलात का?” प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण शास्त्रशुद्ध आहे. हँडब्रेक एक दात जरी वर राहिला तरी हा दिवा लागतो. म्हणून पहिली तपासणी तीच.

हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर गाडी थांबवून बॉनेट उघडायचं आणि ब्रेक ऑइलची डबी पाहायची. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि डबीतली पातळी उतरते. आतला तरंगता खटका खाली बसला की दिवा पेटतो. पातळी काठावर असेल तर खंबाटकी घाटाच्या वळणावर ऑइल हिंदकळतं, दिवा लागतो आणि सरळ रस्त्याला विझतो. काका म्हणतात, “बघ, आपोआप बरा झाला!”

मग पंपावर कुणीतरी डबी काठोकाठ भरून देतो. दिवा विझतो, पॅड झिजलेलेच राहतात. थर्मामीटर झटकून ताप उतरवण्याचाच हा प्रकार. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की जास्तीचं ऑइल डबीतून उतू जातं आणि जिथे सांडेल तिथला रंग खातं. पॅड धड असूनही पातळी उतरली असेल, तर कुठेतरी गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का पाहा.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा त्या मानाने समजूतदार. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे. पावसाळ्यात चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला तरी हा दिवा कुरकुरतो. म्हणजे इथे काकांचं निदान बरोबर ठरू शकतं. हे त्यांना सांगू नये. एकटा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक चालतो, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात.

जुनी गाडी घेताना तर दिवे लागायलाच हवेत. हँडब्रेक खाली ठेवून चावी फिरवली की हे दोन्ही क्षणभर पेटून विझले पाहिजेत. मुळीच न पेटणारा दिवा निरोगीपणाची खूण नव्हे. कुणीतरी त्याचं तोंड बंद केलेलं असू शकतं.

तेव्हा पिवळा लागला तर बेताने गॅरेज गाठा. हँडब्रेक खाली असून लाल लागला, दोन्ही एकदम लागले किंवा पेडल पायाखाली खोल जाऊ लागलं, तर गाडी बाजूला घेऊन क्रेन बोलवा. काकांना मात्र रिक्षात बसवून द्या. मेकॅनिकला एका वेळी एकच बिघाड पाहता येतो.